धागा : कॅशमध्ये ४२ फूट १० इंच, डेटाबेसमध्ये ४३ फूट १ इंच

गंगावेशकर

डेटाबेसमधला आकडा बदलला तरी कॅशमध्ये, म्हणजे झटपट वाचायला ठेवलेल्या प्रतीत, जुनाच का राहतो, त्यावर हा धागा. पावसाळा तोंडावर आहे, म्हणून उदाहरण नदीचंच घेतो. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथं कुणाला सांगायला नको.

रचना अशी धरा. मायएसक्यूएल डेटाबेस, क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये, एक प्रायमरी (लिहिणं इथं) आणि दोन रीड रेप्लिका (वाचण्यापुरत्या प्रती). पुढे रेडिस, म्हणजे मेमरीतला कॅश. की, म्हणजे नोंदीचं नाव, आहे 'पातळी:राजाराम', टीटीएल, म्हणजे आपोआप पुसलं जाण्याची मुदत, १ तास. नोंद तासाला एकदा होते, पण नदी पात्राबाहेर पडली की वाचणारे सेकंदाला हजारांनी येतात. ॲप आधी रेडिसला विचारतं. तिथं नसेल तर रेप्लिकावरून वाचतं आणि रेडिसमध्ये ठेवतं. नवी नोंद आली की डेटाबेसमध्ये लिहून झाल्यावर रेडिसमधली की पुसली जाते. नव्वद टक्के ठिकाणी असंच लिहिलेलं सापडेल.

आता हा क्रम बघा :

१. 'अ' विनंतीला रेडिसमध्ये की मिळत नाही.
२. 'अ' डेटाबेसमधून ४२ फूट १० इंच वाचते.
३. नवी नोंद ४३ फूट १ इंच, कमिट, म्हणजे पक्की, झाली.
४. नोंद करणारा की पुसतो. तिथं काहीच नाही, तरी 'पुसलं' असं उत्तर धरून तो पुढं जातो.
५. 'अ' आता हातातले ४२ फूट १० इंच रेडिसमध्ये ठेवते.

पुसणं झालं, त्यानंतर जुना आकडा आत आला, आणि पुढचा तासभर तो कुणी हलवणार नाही. नदी धोका पातळीच्या वर आणि स्क्रीनवर धोक्याच्या खाली. 'टीटीएल कमी करा' यापलीकडचं काय करता येतं, ते नेमक्या तपशिलासह लिहा.

बिंदूचौक

टीटीएल कमी केल्यानं चूक किती वेळ टिकते एवढंच बदलतं. ती होते किती वेळा, त्यात फरक पडत नाही. उलट टीटीएल १ मिनिट केला तर मिस (कॅशमध्ये की न सापडणं) वाढतात, आणि तुमच्या पाच पायऱ्यांची सुरुवातच मिसपासून आहे.

पुढं जाण्याआधी तीन गोष्टी तपासून घ्या, यातली एक तरी बहुतेक कोडमध्ये चुकलेली असते.

आधी पुसून मग डेटाबेसमध्ये लिहू नका. मधल्या वेळात कुणीतरी जुनं वाचून परत भरतो.

पुसण्याची ओळ ट्रान्झॅक्शनच्या (एकत्रच पक्क्या होणाऱ्या बदलांच्या) आत असेल तर तीही 'आधी'च झाली, कारण कमिट अजून व्हायचं आहे. फ्रेमवर्कमध्ये 'कमिटनंतर' चालणारा हुक असतो, पुसणं तिथं न्या. आत कॅशमध्ये थेट नवा आकडा लिहिलात आणि ट्रान्झॅक्शन रोलबॅक झालं, म्हणजे मागं घेतलं गेलं, तर डेटाबेसमध्ये कधीच नसलेला आकडा लोकांना दिसेल.

तिसरं, दोन लिहिणारे असतील तर 'लिहिल्यावर कॅशमध्येही लिहितो' हे चालत नाही. डेटाबेसमध्ये नोंदींचा क्रम ८१२, ८१३. नेटवर्कच्या कृपेनं रेडिसमध्ये ८१३, ८१२. पुसणं कितीही वेळा आणि कुठल्याही क्रमानं केलं तरी परिणाम एकच, म्हणून पुसणं बरं.

आणि गंगावेशकर, तुमच्या रचनेत याहून मोठं भोक आहे. मिस झाल्यावर तुम्ही रेप्लिकावरून वाचताय. कमिट झालं, की पुसली, पुढच्या दोन मिलिसेकंदांत कुणीतरी वाचायला आलं, आणि रेप्लिका ३०० मिलिसेकंद मागं आहे. त्यानं जुनं वाचलं आणि भरलं. पाच पायऱ्यांची शर्यत क्वचित जुळून येते, पण सेकंदाला हजार वाचक असतील तर ही दुसरी शर्यत जवळजवळ प्रत्येक नोंदीला घडणार.

राजारामपुरी_७

दोनदा पुसलं तर? कमिटनंतर लगेच एकदा, आणि १ सेकंदानं परत.

बिंदूचौक

चालतं, पण तो १ सेकंद कुठून आणला ते सांगता आलं पाहिजे. रेप्लिकाची पिछाडी पावसाच्या दिवशी, म्हणजे लोड असताना मोजा, ९९ टक्के वेळा ती किती खाली असते ते काढा, त्यात एका विनंतीचा टाइमआउट मिळवा. आणि दुसरं पुसणं त्याच प्रोसेसच्या टायमरवर ठेवू नका. प्रोसेस रीस्टार्ट झाली की टायमर गेला. डिले क्यूत, म्हणजे ठरल्या वेळानं काम देणाऱ्या रांगेत, टाका.

उद्यमनगरी

वरचं सगळं बरोबर, पण यात एक गृहीत आहे : पुसण्याची आज्ञा पोचते. कमिट झालं आणि पॉड (ॲपची चालू प्रत) तिथंच मेला, किंवा रेडिसकडून टाइमआउट आला, तर पुसणार कोण? रिट्राय लिहिला तरी रिट्राय करणारी प्रोसेसच जिवंत नाही.

म्हणून पुसण्याची जबाबदारी ॲपवर एकट्यावर ठेवायची नाही. डेटाबेसच्या लॉगमधून पुसायचं. जे कमिट झालं ते बिनलॉगमध्ये, म्हणजे मायएसक्यूएलच्या बदलांच्या लॉगमध्ये, असणारच. डेबेझियमसारखं साधन बिनलॉग वाचतं, काफ्कात (संदेशांच्या रांगेत) टाकतं, आणि ते संदेश घेणारा एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे कन्झ्युमर, की पुसतो. कन्झ्युमर मेला तर जिथं थांबला तिथून परत सुरू होतो. एखादा संदेश दोनदा आला तरी पुसणं दोनदा झाल्यानं काही बिघडत नाही. फेसबुकनं मेमकॅश या आपल्या कॅशसाठी हेच केलं होतं, मायएसक्यूएलचा कमिट लॉग वाचून पुसण्याचे संदेश सगळीकडे पाठवणारा डीमन, म्हणजे पाठीमागं सतत चालणारा प्रोग्रॅम.

करताना कुठं अडतं ते सांगतो :

बिनलॉग फॉरमॅट 'रो' पाहिजे. 'स्टेटमेंट' असेल तर हातात फक्त एसक्यूएल वाक्य येतं, कुठली रो (टेबलातली ओळ) बदलली ते कळत नाही.

बिनलॉग रो इमेज (बदललेल्या रोचा किती भाग लॉगमध्ये जायचा ते) 'फुल' ठेवा. मायएसक्यूएलचा डीफॉल्ट तोच आहे, पण जागा वाचवायला कुणीतरी 'मिनिमल' केलेला असतो. समजा एक बंधारा 'खुले' यादीतून 'पाण्याखाली' यादीत गेला. तुम्हाला दोन्ही याद्यांच्या की पुसायच्या आहेत, म्हणजे जुनी स्थितीही हवी. मिनिमलमध्ये ती येत नाही, आणि बंधारा दोन्ही यादींत दिसत राहतो. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये याच कारणासाठी त्या टेबलाची रेप्लिका आयडेंटिटी 'फुल' करावी लागते.

काफ्कात पार्टिशन (रांगेचे भाग) प्रायमरी कीवरून (रोच्या ओळखक्रमांकावरून) पाडा, म्हणजे एका बंधाऱ्याचे बदल क्रमानं येतील.

पोस्टग्रेसवाल्यांनी रेप्लिकेशन स्लॉटवर, म्हणजे कन्झ्युमर लॉगमध्ये कुठवर आला त्या खुणेवर, नजर ठेवा. कन्झ्युमर दोन दिवस बंद राहिला तर स्लॉट वॉल (पोस्टग्रेसचा बदलांचा लॉग) धरून ठेवतो आणि प्रायमरीची डिस्क भरते. कॅश ताजा ठेवायच्या नादात डेटाबेस बसायचा. आवृत्ती १३ पासून स्लॉटनं किती वॉल धरायचा याला मर्यादा घालता येते, ती घाला. मर्यादा ओलांडल्यावर स्लॉट बाद होतो. तसं झालं की सगळा कॅश रिकामा करून नव्यानं सुरुवात, हे आधीच लिहून ठेवा.

लॉगमधून पुसायला काही शेकडा मिलिसेकंद जातात. म्हणून दोन्ही ठेवा : ॲपनं कमिटनंतर लगेच पुसायचं, आणि लॉगनं मागून येऊन परत पुसायचं. ॲपचं पुसणं वेगासाठी, लॉगचं खात्रीसाठी. राजारामपुरी_७ यांचं 'दोनदा पुसणं' यात आपोआप होतं, टायमरशिवाय.

राजारामपुरी_७

आणि बिनलॉग प्रायमरीऐवजी रेप्लिकाचाच वाचला तर? म्हणजे पुसेपर्यंत ती रो तिथं लागलेलीच असेल.

उद्यमनगरी

एकच रेप्लिका असेल तर चांगली युक्ती. दोन असतील तर एकीवर लागलं म्हणून दुसरीवर लागलं असं नाही.

शुक्रवारपेठ

तुम्ही सगळे पुसण्याची वेळ नेमकी साधायच्या मागं आहात. वेळ साधून ही शर्यत पूर्ण मिटत नाही. जुना आकडा घेऊन आलेल्या वाचकाला दारातच अडवायचं, हा उपाय आहे. त्यासाठी प्रत्येक आकड्यासोबत आवृत्ती क्रमांक पाहिजे.

डेटाबेसमध्ये प्रत्येक केंद्राची 'सद्यस्थिती' म्हणून एक रो ठेवा, त्यात 'आवृत्ती' हा पूर्णांकी कॉलम. नवी नोंद त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये आवृत्ती १ नं वाढवते. रो लॉक कमिटपर्यंत धरलेला असतो, त्यामुळं त्या रोपुरता आवृत्तीचा क्रम आणि कमिटचा क्रम एकच राहतो.

रेडिसमध्ये त्या कीखाली हॅश, दोन फील्ड : आवृत्ती आणि मूल्य. आणि रेडिसच्या आतच चालणाऱ्या दोन लुआ स्क्रिप्ट. रेडिसमध्ये स्क्रिप्ट चालू असताना दुसरी आज्ञा मध्ये शिरत नाही, म्हणून तपासणं आणि लिहिणं एकत्र होतं.

बाद करणारी स्क्रिप्ट : ८१२ कमिट झाली की की पुसायची नाही. आतली आवृत्ती ८१२ पेक्षा कमी असेल किंवा की नसेलच, तर आवृत्ती ८१२ लिहायची, मूल्य काढून टाकायचं, टीटीएल ६० सेकंद. ही रिकामी खूण.

भरणारी स्क्रिप्ट : वाचक म्हणतो, माझ्याकडं आवृत्ती ८११ आणि ४२ फूट १० इंच आहे. आत ८१२ ची खूण आहे. ८११ लहान, म्हणून नाकारायचं. तोच वाचक ८१२ घेऊन आला आणि मूल्य रिकामं असेल तर भरायचं. की अजिबातच नसेल तर भरायचं.

गंगावेशकरांची पाचवी पायरी इथं अडते. बिंदूचौक यांची मागं राहिलेली रेप्लिकाही इथंच अडते, कारण तिच्याकडून आलेल्या रोवर ८११ च लिहिलेलं असतं. नाकारलेल्या वाचकानं हातातलं जुनं उत्तर तसंच परत द्यायचं नाही, एकदा प्रायमरीवरून वाचायचं.

आवृत्ती म्हणून काय वापरू नये, हेही लिहिते, कारण चुका तिथंच होतात. 'शेवटचा बदल' ही वेळ नको : मायएसक्यूएलचा डेटटाइम काही न सांगता सेकंदापर्यंतच असतो, एका सेकंदात दोन बदल झाले की दोघांची आवृत्ती सारखी. सर्व्हरचं घड्याळ नको, दोन सर्व्हरची घड्याळं जुळत नाहीत. सीक्वेन्स किंवा ऑटो इन्क्रिमेंटही नको, क्रमांक आधी घेतलेला ट्रान्झॅक्शन नंतर कमिट होऊ शकतो. आणि मोजणीची वेळ तर नकोच. सकाळी ७ ची नोंद चुकून ४३ फूट १ इंच गेली आणि ७ वाजून २० मिनिटांनी दुरुस्त झाली, तर मोजणीची वेळ दोन्हींची ७ च. आकडा खाली आला तरी आवृत्ती वरच गेली पाहिजे.

बिंदूचौक

ताई, हे घट्ट आहे. तरी तीन ठिकाणी ही खूण हरवू शकते, ती नोंदवतो.

मेमरी भरली. धोरण 'ऑलकीज एलआरयू' (बराच काळ न वापरलेली की आधी काढा) असेल तर रेडिस खूणच बाहेर फेकू शकतो. 'नोइव्हिक्शन', म्हणजे डीफॉल्ट, असेल तर मेमरी भरल्यावर सेट (लिहिणं) नाकारला जातो, खूणही लिहिता येत नाही, पण डेल (पुसणं) तेव्हाही चालतो. म्हणून बाद करणाऱ्या स्क्रिप्टला मेमरीची एरर आली तर साधा डेल करा, की तशीच सोडू नका.

फेलओव्हर, म्हणजे प्रायमरी पडल्यावर रेप्लिकानं जागा घेणं. रेडिसचं रेप्लिकेशन असिंक्रोनस आहे, प्रायमरी रेप्लिकासाठी थांबत नाही. प्रायमरीवर खूण लिहिली, तिच्या रेप्लिकापर्यंत पोचायच्या आत प्रायमरी गेली, आणि रेप्लिका पुढारी झाली. तिच्याकडं ४२ फूट १० इंच तसंच आहे. रेप्लिकाच्या पोचीसाठी थांबणाऱ्या 'वेट' आज्ञेनं ही शक्यता कमी होते, संपत नाही. फेलओव्हरची घटना पकडून शेवटच्या ५ मिनिटांचे बिनलॉगचे बदल परत चालवा. काफ्कात ऑफसेट (वाचनाची जागा) मागं नेला की झालं, आवृत्तीची तपासणी असल्यानं परत चालवणं सुरक्षित आहे.

तिसरं, वाचक स्वतःच झोपला. ८११ वाचलं आणि गार्बेज कलेक्शनमध्ये (प्रोग्रॅमची मेमरी साफ होताना) ७० सेकंद अडकला. जागा झाला तोवर ६० सेकंदांची खूण गेलेली. म्हणून भरण्याआधी वाचकानं स्वतःचं घड्याळ बघावं. वाचून ५ सेकंदांपेक्षा जास्त झाले असतील तर भरायचंच नाही. ही एक ओळ बहुतेक जण विसरतात.

गंगावेशकर

आता उलटा प्रश्न. पाऊस कोसळतोय, सेकंदाला हजारो वाचक आहेत, आणि आपण की बाद केली. ते सगळे एकदम डेटाबेसवर जातील ना?

उद्यमनगरी

जातील. यावर मेमकॅशमधला लीज बघण्यासारखा आहे. फेसबुकच्या २०१३ च्या पेपरमध्ये तो आहे. मिस झाली की सर्व्हर वाचकाला ६४ बिटांचं टोकन देतो. मध्ये ती की बाद झाली तर टोकनही बाद, आणि बाद टोकन घेऊन आलेलं मूल्य सर्व्हर घेत नाही. म्हणजे ताईंच्या आवृत्तीचंच काम, पण डेटाबेसमध्ये कॉलम न वाढवता. शिवाय एका कीसाठी टोकन १० सेकंदांत एकदाच मिळतं. बाकीच्यांना 'जरा थांबून परत या' असं उत्तर. ज्या कीवर अशी झुंबड उडायची, त्यांच्यासाठी डेटाबेसवरचा शिखराचा भार त्यांनी सेकंदाला १७,००० वरून १,३०० प्रश्नांवर आणला. 'लीज' हा शब्द त्याहून जुना आहे, १९८९ मध्ये ग्रे आणि चेरिटन यांनी फाइल कॅशसाठी वापरला. पण त्यांचा लीज म्हणजे 'इतका वेळ तुला न विचारता कुणी बदलणार नाही' असं मुदतीचं वचन. दोन्ही एक समजू नका.

रेडिसवर एवढं करायचं नसेल तर साधा मार्ग : 'नसेल तरच लिही' या अटीची ३ सेकंदांची लॉक की. ती ज्याला मिळाली तो डेटाबेसवर जातो, बाकीचे ५० मिलिसेकंद थांबून परत बघतात.

शुक्रवारपेठ

आवृत्ती तपासत असाल तर या एका कीसाठी बाद करायचीच गरज नाही. बिनलॉगच्या कन्झ्युमरनंच ८१२ आणि ४३ फूट १ इंच थेट भरणाऱ्या स्क्रिप्टमधून लिहावं. बिंदूचौक यांनी वर 'लिहू नका, पुसा' म्हटलं ते क्रम उलटण्याच्या भीतीनं. आवृत्ती आल्यावर ८१३ नंतर आलेली ८१२ नाकारली जाते. मग मिसच होत नाही, झुंबडही नाही. ज्या की कुणी फारशा वाचत नाही, त्यांना मात्र बाद करणंच योग्य, उगाच मेमरी भरायला नको.

बिंदूचौक

मान्य. गर्दीच्या कीला लिहा, बाकीच्यांना बाद करा.

शिरोली_नाका

तयार क्लाउड सेवा घेतली की हे सगळं सुटतं, असं समजून चालणाऱ्यांसाठी थोडं.

ॲमेझॉनच्या डायनॅमोडीबी डेटाबेसच्या पुढं डॅक्स हा त्यांचाच कॅश लावलात तर त्यात दोन वेगळे कॅश आहेत, आयटमचा आणि क्वेरीचा. दोन्हींचा टीटीएल काही न बदलता ५ मिनिटं. डॅक्समधून लिहिलं तर आयटम कॅश बदलतो, क्वेरी कॅश बदलत नाही. म्हणजे राजाराम बंधाऱ्याचा आयटम ४३ फूट १ इंच आणि 'सगळे बंधारे' या क्वेरीत तोच ४२ फूट १० इंच. एखादी रात्रीची स्क्रिप्ट डॅक्स टाळून थेट टेबलात लिहीत असेल, तर आयटम कॅशलाही टीटीएल संपेपर्यंत कळत नाही. आणि 'स्ट्राँगली कन्सिस्टंट' (हमखास ताजं) वाचन मागितलंत तर डॅक्स ते थेट टेबलाकडं पाठवतो, कॅशमध्ये ठेवत नाही.

ॲमेझॉनच्याच ऑरोरा डेटाबेसमध्ये डेटाच्या ६ प्रती ३ झोनमध्ये असतात, आणि सगळ्या रेप्लिका तेच स्टोरेज वाचतात. मग पिछाडी कुठून आली? प्रत्येक रेप्लिकाच्या बफर कॅशमधून, म्हणजे तिनं मेमरीत ठेवलेल्या पानांमधून. रायटर (प्रायमरी) रीडू लॉग, म्हणजे बदलांच्या नोंदी, रेप्लिकांना पाठवतो. पान तिच्या बफरमध्ये असेल तर ती बदल लावते, नसेल तर ती नोंद टाकून देते. नेहमी ही पिछाडी १०० मिलिसेकंदांच्या बरीच खाली असते, पण शून्य नसते. म्हणजे रीड रेप्लिका हाही एक कॅशच, आणि तुमच्या रेडिसच्या पाठीमागं कॅश उभा आहे हे धरूनच आखणी करा.

उद्यमनगरी दादांच्या लॉगच्या उपायासाठी : ऑरोरा मायएसक्यूएलमध्ये बिनलॉग मुळात बंद असतो. क्लस्टर पॅरामीटर ग्रुपमध्ये फॉरमॅट 'रो' करून रायटर रीबूट करावा लागतो. आणि बिनलॉग किती तास राखायचा ते वेगळं सांगा, नाहीतर कन्झ्युमर थोडा मागं पडला तरी फाइल गेलेली असते. २४ तासांपासून सुरुवात करा.

राजारामपुरी_७

प्रत्येक ॲप सर्व्हरच्या मेमरीत पण एक छोटा कॅश असतो, त्याचं काय?

शिरोली_नाका

रेडिस ६ पासून क्लायंट ट्रॅकिंग आहे, की बदलली की रेडिस स्वतः कळवतो. दोन पथ्यं. जोडणी तुटली की लोकल कॅश पूर्ण रिकामा करा, मधल्या काळातले संदेश परत येत नाहीत. आणि संदेशासाठी वेगळी जोडणी वापरत असाल तर 'बाद झालं' हा संदेश तुमच्या वाचनाच्या उत्तराआधी येऊ शकतो. म्हणून वाचन पाठवतानाच लोकल कॅशमध्ये 'येतंय' अशी खूण ठेवा. संदेशानं ती पुसली तर आलेलं उत्तर साठवू नका.

गंगावेशकर

एक राहिलं. पातळी एका कीमध्ये, पाण्याखालचे बंधारे दुसरीत, बंद रस्ते तिसरीत. प्रत्येक की आपापल्या परीनं बरोबर, पण स्क्रीनवर पातळी नवी आणि बंधाऱ्यांची यादी तासापूर्वीची.

शुक्रवारपेठ

तिन्ही मिळून काही केबी होतील. एकच ऑब्जेक्ट करा, एकच आवृत्ती. मोठं असतं तर 'पूरस्थिती:८१२' अशा न बदलणाऱ्या की आणि 'पूरस्थिती:चालू' ही एक निर्देशक की. आधी ८१२ पूर्ण लिहायची, मग निर्देशक हलवायचा. जुन्या की तासाभरानं आपोआप जाऊ द्या, वाचणारा मधेच असला तरी त्याच्या पायाखालून काही निघत नाही. रेडिस क्लस्टरमध्ये एका स्क्रिप्टमधल्या सगळ्या की एकाच स्लॉटमध्ये (कींच्या एकाच गटात) लागतात, एकूण स्लॉट १६,३८४. कीच्या नावात महिरपी कंसात सारखा भाग ठेवलात तर त्या एकत्र येतात.

उद्यमनगरी

आणि हे सगळं चालतंय हे कशावरून? हिट रेट (कॅशमध्ये की सापडण्याचं प्रमाण) ९९ टक्के असतानाही तो जुनाच आकडा देत असू शकतो. जुनेपणा वेगळा मोजावा लागतो.

मेटानं २०२२ मध्ये पोलारिस नावाच्या सेवेबद्दल लिहिलं. ती स्वतः कॅश सर्व्हर असल्यासारखी बाद करण्याचे संदेश घेते, आणि बाकीच्या कॅशमध्ये तो बदल खरंच पोचला का ते तपासते. लगेच डेटाबेसला त्रास न देता काही काळ विसंगती टिकली तरच खाली विचारते. त्या कामातून त्यांच्या कॅशची सुसंगती ९९.९९९९ टक्क्यांवरून ९९.९९९९९९९९ टक्क्यांवर गेली.

आपल्या आकाराला पुरेल असं : बिनलॉगचा दुसरा कन्झ्युमर लावा. दर १०० बदलांतला एक उचला. ५ सेकंद थांबून रेडिसमधली आवृत्ती बघा. कमी असेल तर १ मिनिटानं परत बघा. तरी कमीच असेल तर प्रायमरीवर विचारून खात्री करा आणि अलार्म. पातळीच्या कीसाठी मात्र शंभरातला एक नको, प्रत्येक बदल तपासा, तासाला एकच तर आहे. भरणारी स्क्रिप्ट चालली की कुणी भरलं, कुठल्या रेप्लिकावरून, कुठली आवृत्ती, हे लॉगमध्ये टाका. नाहीतर विसंगती सापडेल, पण आली कुठून ते सापडणार नाही.

बिंदूचौक

४३ फूट ओलांडल्यावर जाणारा एसएमएस या कॅशमधून ठरवू नका. तो प्रायमरीवरून वाचूनच ठरवायचा. तासाला एक प्रश्न, त्यासाठी कॅशची गरज काय. गुळाच्या सौद्यातली शेवटची बोली, उसाच्या वजनाची पावती, दुधाचं बिल, सगळ्यांना हेच लागू.

आणि मोजणीची वेळ त्याच ऑब्जेक्टमध्ये ठेवून आकड्याशेजारी दाखवा : '४३ फूट १ इंच, सकाळी ७'. सीडीएन (वेबसाइटच्या जागोजागी ठेवलेल्या प्रती) आणि लोकांचा ब्राउझर हेही कॅशच आहेत, आणि ब्राउझरमधलं तुम्हाला पुसता येत नाही. त्या उत्तराचं मॅक्स-एज (साठवून ठेवण्याची मुदत) ३० सेकंदांच्या वर नेऊ नका.

गंगावेशकर

रिकाम्या खुणेचा टीटीएल ६० सेकंद पुरेल का, ते लोड टेस्टमध्ये रेप्लिका मुद्दाम ९० सेकंद मागं ठेवून बघतो. मायएसक्यूएलमध्ये रेप्लिकाला तसा उशीर सेट करता येतो. तेव्हा खूण आधी जाईल आणि ८११ परत आत शिरेल, हा माझा अंदाज. उद्यमनगरींचा दुसरा कन्झ्युमर ते पकडतो का, तेही त्याच चाचणीत कळेल. आकडे इथंच टाकतो.

शुक्रवारपेठ

शिरेलच. ५ सेकंदांचं घड्याळ इथं कामाला येणार नाही, कारण वाचन ताजंच असेल, रो तेवढी जुनी. म्हणून पिछाडी ३० सेकंदांच्या वर गेली की ती रेप्लिका वाचनातून बाहेर काढायची अट लोड बॅलन्सरला (विनंत्या वाटून देणाऱ्याला) घाला, आणि चाचणी तिच्यासकट आणि तिच्याशिवाय, दोन्ही प्रकारे चालवा.